ब्रिटिश लष्कराची २९वी पायदळ ब्रिगेड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅलिपोली, मादागास्कर, ब्रह्मदेश, कोरिया. चार ठिकाणं, तीन युद्धं आणि एकच आकडा: २९. या ब्रिगेडचा विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात. काही पुस्तकी असतात, काही थेट घरातल्या जुन्या ट्रंकेतून निघालेले. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

ब्रिगेड म्हणजे नेमकी किती माणसं?

साधारण तीन ते पाच हजार. गाभा तीन-चार पायदळ पलटणींचा, एकेका पलटणीत सातशे ते हजार जवान. त्यांच्या जोडीला तोफखाना, इंजिनिअर, सिग्नलवाले, वैद्यकीय पथक. वर ब्रिगेडियर. अशा तीन ब्रिगेडी मिळून एक डिव्हिजन. ‘स्वतंत्र ब्रिगेड’ असं लिहिलेलं दिसलं तर समजायचं की तिच्याकडे तोफा, रसद सगळं स्वतःचं आहे आणि डिव्हिजनविना ती एकटी लढू शकते. १९४० आणि १९४९ मध्ये २९वी उभी राहिली ती अशीच.

मग रेजिमेंट आणि ब्रिगेड यांत फरक काय?

हा फरक कळला की पुढची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात. रेजिमेंट म्हणजे घराणं. तिचं निशाण, टोपीवरचा बिल्ला, तिचे सण, तिचा दोनशे वर्षांचा इतिहास. जवान भरती होतो तो रेजिमेंटमध्ये आणि मरेपर्यंत सांगतो तेही रेजिमेंटचंच नाव. ब्रिगेड म्हणजे बिऱ्हाड. आज या तीन पलटणी एका छपराखाली, उद्या दुसऱ्या तीन. भाडेकरू बदलतात, दारावरची पाटी तीच राहते. आपल्याकडेही निवृत्त जवान ‘मी मराठा लाइट इन्फंट्रीचा’ असं छाती पुढे काढून सांगतो. कुठल्या ब्रिगेडमध्ये होता हे विचारलं तर आठवावं लागतं.

त्यामुळे ब्रिगेडचा इतिहास लिहिणं अवघड असतं. पराक्रम पलटणींच्या खात्यात जमा होतो आणि चुका ब्रिगेडच्या मुख्यालयाच्या नावावर पडतात.

१९१४ची २९वी आणि १९५१ची २९वी एकच का?

आकडा एक, माणसं वेगळी. पहिली उभी राहिली ऑगस्ट १९१४ मध्ये, युद्धमंत्री किचनर यांनी उभारलेल्या नव्या फौजेतल्या दहाव्या (आयरिश) डिव्हिजनचा भाग म्हणून. दुसरी जुलै १९४० मध्ये ब्रिटनमध्ये, फ्रान्सच्या पाडावानंतर लगोलग. तिसरी १९४९ मध्ये, राखीव दल म्हणून. तिन्हींत एकही पलटण सामाईक नाही. लष्करी कागदांत मात्र त्या एकाच रांगेत बसतात.

आमचे पणजोबा गॅलिपोलीला ‘२९व्या ब्रिगेड’मध्ये होते असं घरात सांगतात. ती हीच का?

बहुधा नाही. गॅलिपोलीत, म्हणजे तुर्कस्तानातल्या त्या द्वीपकल्पावर, २९ या आकड्याने भलताच घोळ घातला आहे. तिथे तीन-तीन ‘२९’ होत्या. एक, २९वी डिव्हिजन: ब्रिटिश, एप्रिल १९१५ मध्ये हेलेसच्या टोकाला उतरली ती. दोन, २९वी इंडियन ब्रिगेड: शीख आणि गुरखा पलटणींची, जनरल कॉक्स यांच्या हाताखालची. तीन, आपल्या या लेखातली २९वी: आयरिश डिव्हिजनची. कहर म्हणजे ऑगस्ट १९१५च्या सारी बैरच्या लढाईत दुसरी आणि तिसरी एकाच डोंगररांगेवर, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर लढत होत्या.

पणजोबा भारतीय पलटणीत असतील तर ती इंडियन ब्रिगेड. तोफखान्याच्या खेचरांबरोबर किंवा रसदीच्या खेचरगाड्यांबरोबर असतील तर कुठल्याच ब्रिगेडमध्ये नसून वेगळ्या दलात असतील. आणि मराठा पलटणीतले असतील तर गॅलिपोलीपेक्षा मेसोपोटेमिया शोधा. सहाव्या (पूना) डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ मराठा पलटणी तिकडेच गेल्या होत्या आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. घरातल्या आठवणीत ‘तुर्कांशी लढले’ एवढंच उरतं. गाव कुठलं ते दोन पिढ्यांत पुसलं जातं.

गॅलिपोलीत या ब्रिगेडने काय केलं?

एकसंध ब्रिगेड म्हणून फारसं काहीच नाही, कारण तिला एकसंध ठेवलंच नाही. बाकीची आयरिश डिव्हिजन सुवला उपसागरात उतरली. २९वीला तिच्यातून काढून अॅन्झॅक किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियन-न्यूझीलंडर सेनापतींच्या हवाली केलं. तिच्या चार पलटणी होत्या: १० हॅम्पशायर (आयरिश ब्रिगेडमधली ही एकटी इंग्रज), ६ रॉयल आयरिश रायफल्स, ५ कनॉट रेंजर्स आणि ६ लिन्स्टर. जिथे भगदाड पडेल तिथे यांतली एखादी पलटण कोंबायची, असा प्रकार चालला.

१० ऑगस्टच्या पहाटे मुस्तफा कमाल यांनी चुनुक बैरच्या माथ्यावरून प्रतिहल्ला सोडला. उताराखाली ‘द फार्म’ नावाच्या मेंढपाळाच्या खोपटापाशी हॅम्पशायर आणि आयरिश रायफल्सचे जवान होते. वरून तुर्कांची लाट अंगावर आली आणि काही तासांत दोन्ही पलटणींची दैना उडाली. ब्रिगेडियर जनरल कूपर जखमी झाले, मुख्यालय विस्कळीत झालं. २१ ऑगस्टला कनॉट रेंजर्सनी संगिनींच्या बळावर कबाक कुयू इथल्या विहिरी घेतल्या. ऑगस्टमधलं गॅलिपोली म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर एवढं पुरे: ज्या पाण्यासाठी एक हंडा घेऊन रांगेत उभं राहायचं, त्यासाठी तिथे संगीन लावून धावावं लागत होतं.

पहिल्या महायुद्धात पुढे?

सॅलोनिका, मग पॅलेस्टाइन. डिसेंबर १९१५ मध्ये कोस्तुरिनोच्या डोंगरात धुकं, हिमदंश आणि बल्गेरियन फौज अशा तिघांशी एकदम गाठ पडली. १९१८ मध्ये फ्रान्सला माणसं कमी पडली म्हणून बहुतेक आयरिश पलटणी तिकडे पाठवल्या आणि त्यांच्या जागी भारतीय पलटणी आणल्या. सप्टेंबर १९१८ मध्ये मेगिद्दोच्या लढाईत उतरलेली ‘आयरिश’ डिव्हिजन बहुतांशी भारतीय होती. पाटी मात्र तीच.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज फ्रेंचांशी मादागास्करला कशासाठी लढले?

जपानच्या धास्तीने. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानवाहू नौकांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले. भूमध्य समुद्र बंद असल्यामुळे मुंबई, कराची आणि सुएझकडे जाणारी रसद आफ्रिकेला वळसा घालून येत होती. त्या वाटेवरच्या मादागास्करवर व्हिशी फ्रेंचांचा, म्हणजे जर्मनीपुढे शस्त्रं ठेवलेल्या फ्रेंच सरकारचा, ताबा होता. त्यांनी दिएगो सुआरेझचं बंदर जपानी पाणबुड्यांना वापरू दिलं तर सगळीच पंचाईत.

५ मे १९४२ रोजी ब्रिगेडियर फ्रान्सिस फेस्टिंग यांची २९वी ब्रिगेड बेटाच्या उत्तर टोकाला, पश्चिमेकडच्या बाजूने उतरली. सोबत पाचवं कमांडो पथक. मागून १७वी आणि १३वी ब्रिगेड. गॅलिपोलीनंतर ब्रिटनने समुद्रातून किनाऱ्यावर फौज उतरवण्याची एवढी मोठी मोहीम पहिल्यांदाच केली आणि दोन्ही वेळा यादीत २९ हा आकडा. निव्वळ योगायोग, पण लक्षात राहतो.

उतरणं सोपं गेलं. बंदराआधी फ्रेंचांनी खंदक आणि बुरुजांची तटबंदी बांधून ठेवली होती, तिथे अडलं. यातला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. २ साउथ लँकेशायरचे जवान रात्री तटबंदीला वळसा घालून थेट फ्रेंचांच्या पाठीमागे पोचले. तिथे गोंधळ उडवला, कैदी पकडले. लढाई तिथेच निकाली निघायची, पण वायरलेस चालेना. आपली पलटण शत्रूच्या पोटात शिरली आहे हे मुख्यालयाला कळलंच नाही. मदत आली नाही आणि त्यांना परत फिरावं लागलं. अखेर ६ मेच्या रात्री ‘अँथनी’ नावाची विनाशिका काळोखात बंदरात घुसली, पन्नास रॉयल मरीन धक्क्यावर उतरवून निघून गेली, आणि त्याच वेळी समोरून १७व्या आणि २९व्या ब्रिगेडने हल्ला चढवला. दुसऱ्या दिवशी बंदर पडलं.

बाकीचं बेट घ्यायला सप्टेंबर उजाडला. १० सप्टेंबरला २९वी पुन्हा माजुंगाला उतरली, २३ सप्टेंबरला राजधानी ताननारिव्ह हाती आली. फ्रेंच गव्हर्नर आने यांनी शस्त्रं ठेवली ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पहिल्या लँडिंगला सहा महिने पुरे झाल्यावर. सहा महिने लढलं की फ्रेंच सैनिकांना पदक आणि भत्ता मिळायचा म्हणून त्यांनी तारीख गाठली, असं सांगतात. सरकारी नोकरीत हयात गेलेल्या कुणालाही हे पटायला जड जाऊ नये.

या ब्रिगेडचा महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे. मादागास्करनंतर ती दक्षिण आफ्रिकेमार्गे भारतात आली आणि ७२व्या ब्रिगेडबरोबर तिची ३६वी इंडियन डिव्हिजन बनली. नावात ‘इंडियन’, पायदळ सगळं ब्रिटिश. तिची उभारणी पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) भागात झाली आणि फेस्टिंगच तिचे मेजर जनरल झाले. मुख्य सराव समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्याचा. घाटमाथ्यावर बसून समुद्राची तयारी! पण त्या काळात इकडे तशी सोय खरोखरच होती. खडकवासल्याच्या तलावाच्या उत्तर काठावर दोस्त फौजांना किनाऱ्यावर उतरण्याचा सराव देण्यासाठी ‘अँगोस्टुरा’ नावाचं नकली जहाज बांधलं होतं. आज तिथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. रविवारी चौपाटीवर कणीस खाणाऱ्या पुणेकराला सांगितलं तर तो तुमच्याकडे संशयाने बघेल.

ब्रह्मदेशात काय झालं?

समुद्रातून उतरण्याची सगळी तालीम वाया गेली. लागणारी जहाजं युरोपकडे वळवली होती. १९४४च्या सुरुवातीला डिव्हिजन आराकानात गेली आणि मौंगडॉ-बुथिडाँग रस्त्यावरच्या बोगद्यांच्या लढाईत उतरली. शिलाँगला थोडी विश्रांती मिळाली, आणि जुलैत विमानांनी उत्तर ब्रह्मदेशात, अमेरिकन जनरल स्टिलवेल यांच्या हाताखाली. इंग्रजांविषयी त्यांचं मत काही फार चांगलं नव्हतं, पण फेस्टिंगशी त्यांचं जमलं. फेस्टिंग नेहमी सर्वांत पुढच्या तुकडीबरोबर चालत. जवान त्यांना ‘फ्रंटलाइन फ्रँकी’ म्हणायचे. १९५८ मध्ये ते ब्रिटिश लष्कराचे सर्वोच्च अधिकारी झाले.

मोगाँगपासून दक्षिणेला जाणाऱ्या रेल्वेमार्गाने डिव्हिजन पुढे सरकली. इंजिनं शिल्लक नव्हती. मग जीपची चाकं काढून रुळांवर चालणारी चाकं बसवली, मागे डबे जोडले आणि जीपची आगगाडी सुरू केली. जुगाड हा शब्द तेव्हा लष्करात नसेल, पण वस्तू होती. नोव्हेंबरअखेर पिन्वे घेतलं, डिसेंबरात इंदाव आणि इरावतीकाठचं काथा. इंदावपाशी त्यांची गाठ १९व्या इंडियन डिव्हिजनशी पडली आणि उत्तरेची आघाडी मुख्य आघाडीला जोडली गेली. मार्च १९४५ मध्ये माणकांच्या खाणींचं मोगोक. पावसाळ्याआधी डिव्हिजन विमानांनी भारतात परत.

त्यांचा बिल्ला कसा होता?

काळ्या चौकोनावर पांढरं कडं. ३६व्या डिव्हिजनच्या बिल्ल्यात ते ७२व्या ब्रिगेडच्या लाल कड्यात अडकवलं होतं. कोरियाच्या हिवाळ्यात मात्र या पांढऱ्या कड्याला जवानांनी थंडी आणि मानवी देहाचा एक भाग यांची सांगड घालून असं नाव ठेवलं की इथे छापता येणार नाही. मित्रांच्या घोळक्यात सांगेन.

कोरियाला ही ब्रिगेड का गेली?

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाने हल्ला केला, संयुक्त राष्ट्रांनी फौजा मागवल्या. हाँगकाँगहून २७वी ब्रिगेड ऑगस्टअखेर घाईघाईने पोचली. २९वी ब्रिटनमधून नोव्हेंबरमध्ये. तीत १ रॉयल नॉर्दम्बरलँड फ्युजिलिअर्स, १ ग्लॉस्टरशायर, १ रॉयल अल्स्टर रायफल्स, ८ हुसार्सचे नवे सेंच्युरियन रणगाडे आणि ४५ फील्ड रेजिमेंटच्या तोफा होत्या. ब्रिगेडियर टॉम ब्रोडी १९४४ मध्ये ब्रह्मदेशात चिंडिटांच्या, म्हणजे जपान्यांच्या पिछाडीला घुसून लढणाऱ्या दलाच्या, १४व्या ब्रिगेडचे प्रमुख होते.

त्यांत इतके वयस्कर जवान का होते?

सक्तीच्या भरतीतल्या कोवळ्या पोरांना, १९ वर्षांखालच्यांना, लढाईवर पाठवायचं नाही असा नियम होता. मग जागा भरायच्या कशा? पाच वर्षांपूर्वी घरी गेलेल्या राखीव जवानांना परत बोलावलं. कुणी दुकान थाटलं होतं, कुणाची पोरं शाळेत जाऊ लागली होती, काही जण महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहून आलेले. त्यांच्या नशिबी पुन्हा खंदक आले आणि काहींच्या पुन्हा कैद. त्यांची चिडचिड किती असेल सांगायला नको. पण एप्रिल १९५१ मध्ये ब्रिगेड तग धरून राहिली त्यामागे या अनुभवी, कुरकुऱ्या माणसांचा मोठा हात होता.

‘हॅपी व्हॅली’ ही काय भानगड?

नाव आनंदाचं, घटना वाईट. तोवर उत्तर कोरियाच्या बाजूने चिनी फौजाही युद्धात उतरल्या होत्या. ३ जानेवारी १९५१च्या रात्री सोलच्या उत्तरेला माघार घेताना अल्स्टर रायफल्स आणि त्यांच्याबरोबरचे क्रॉमवेल रणगाडे एका अरुंद, गोठलेल्या दरीत चिन्यांच्या तावडीत सापडले. पलटणीने दीडशेहून जास्त माणसं गमावली. इम्जिनच्या सावलीत ही रात्र कायमची झाकली गेली.

इम्जिनची लढाई थोडक्यात सांगाल?

थोडक्यात सांगण्यासारखी नाही, तरी बघतो.

एप्रिल १९५१. सोलच्या उत्तरेला इम्जिन नदी, उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी चालत ओलांडता येते अशी. तिच्या काठाने सुमारे १९ किलोमीटरच्या पट्ट्यावर एकटी २९वी ब्रिगेड. डावीकडे ग्लॉस्टर्स, मधे फ्युजिलिअर्स, मागे राखीव अल्स्टर रायफल्स, आणि नदीपलीकडे बेल्जियन पलटण, जिच्यात लक्झेंबर्गचे मूठभर जवानही होते. पलटणींमधल्या मोकळ्या जागा इतक्या मोठ्या की अख्खी फौज आरामात निघून जावी. तारांची कुंपणं आणि सुरुंग नावापुरते, कारण सगळे पुढे सरकायच्या विचारात होते. बचावाचं मनातच नव्हतं.

२२ एप्रिलच्या रात्री ग्लॉस्टर्सची सोळा-सतरा जणांची एक टेहळणी तुकडी नदीकाठी एका उताराजवळ दबा धरून बसली होती. लेफ्टनंट गाय टेंपल तिचे प्रमुख. चांदण्यात पाण्यात माणसं दिसली. आधी थोडी, मग सगळं पात्रच हलायला लागलं. त्यांनी गोळीबार करून लाट परतवली, पुन्हा परतवली, पुन्हा एकदा. मग काडतुसं संपत आली. चिन्यांच्या ६३व्या आर्मीच्या तीन डिव्हिजन, अंदाजे २७,००० माणसं, नदी ओलांडत होत्या. समोर चार हजार.

२३ तारखेला सेंट जॉर्जचा दिवस. नॉर्दम्बरलँड फ्युजिलिअर्सचा सण. टोप्यांत गुलाब खोवून ते लढत होते. त्या पहाटेच्या अंधारात ग्लॉस्टर्सच्या बाजूला ‘कॅसल हिल’ नावाच्या टेकडीवरचा बंकर चिन्यांनी घेतला. लेफ्टनंट फिलिप कर्टिस तो परत घ्यायला निघाले. पहिल्यांदा जखमी झाले, माणसांनी मागे ओढून आणलं. ते पुन्हा उठले आणि एकटेच बॉम्ब घेऊन धावले. मशीनगनने त्यांना पाडलं, पण त्यांनी फेकलेला बॉम्ब बंकरच्या तोंडाशी फुटला आणि ती मशीनगन गप्प झाली.

२४ला ग्लॉस्टर्स पूर्ण वेढले गेले आणि २३५ क्रमांकाच्या टेकडीवर गोळा झाले. सोडवायला निघालेले फिलिपिनो रणगाडे अरुंद घळीत अडकले. पहिला रणगाडा निकामी झाला आणि मागचा रस्ता बंद. २५च्या सकाळी उरलेल्या ब्रिगेडला माघारीचा हुकूम आला. फ्युजिलिअर्सचे प्रमुख कर्नल फॉस्टर त्याच दिवशी मारले गेले. अल्स्टरचे जखमी सेंच्युरियन रणगाड्यांच्या पाठीवर लादून दरीतून बाहेर काढत होते तेव्हा चिनी सैनिक टेकड्यांवरून उतरून थेट रणगाड्यांवर चढत होते. चालकांनी एकमेकांच्या रणगाड्यावर मशीनगन चालवून त्यांना खाली पाडलं. एक रणगाडा तर मातीच्या घरातून आरपार घालून वरची माणसं झटकली.

ग्लॉस्टर्सना ‘जमेल तसे निघा’ एवढंच सांगता आलं. तीन कंपन्या दक्षिणेला निघाल्या आणि पकडल्या गेल्या. कॅप्टन हार्वे यांची डी कंपनी उलटी, शत्रूच्या दिशेने उत्तरेला गेली, वळसा घालून पश्चिमेकडून खाली आली. चाळीसच्या आसपास माणसं वाचली ती ह्यांचीच.

‘ए बिट स्टिकी’चा किस्सा खरा आहे का?

अमेरिकन डिव्हिजनचे प्रमुख जनरल सूल यांनी परिस्थिती विचारली तेव्हा ब्रोडी यांनी ‘ए बिट स्टिकी’ असं उत्तर दिलं आणि अमेरिकनांनी ते ‘चाललंय ठीक’ असं समजून घेतलं, असा तो किस्सा. आपल्याकडच्या आजीला दवाखान्यात ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ती ‘बरं आहे की’ म्हणते, आणि डॉक्टर नवीन असेल तर फसतो, त्यातली गत. किस्सा पुष्कळ ठिकाणी छापला गेला आहे. पण पलटण गमावली ती एका शब्दाने, असं मानायला मी तयार नाही. तीन दिवस वायरलेसवर शेकडो निरोप गेले होते. पट्टा जास्त लांब, राखीव फौज कमी आणि माघारीचा निर्णय उशिरा, ही कारणं पुरेशी आहेत. शब्दाची गोष्ट सांगायला सोपी पडते, इतकंच.

आणि बिगुलाचा?

हा मला जास्त आवडतो. चिनी फौजा हल्ल्याचे इशारे बिगुलावर देत. रात्रभर टेकड्यांमधून तो आवाज ऐकून माणसांचे कान किटले. शेवटच्या पहाटे ग्लॉस्टर्सचे अॅडज्युटंट (पलटणीच्या प्रमुखाचे मदतनीस अधिकारी) फॅरार-हॉकली यांनी ड्रम-मेजर बस यांना आपला बिगुल वाजवायला सांगितलं. टेकडीवर उभं राहून त्यांनी पहाटे उठवण्याची धून वाजवली, मग जेवणाची, मग छावणीतल्या एकेक करून सगळ्या. फक्त माघारीची तेवढी वाजवली नाही. वाजवणं संपेपर्यंत दोन्हीकडचा गोळीबार थांबला होता असं तिथे असलेल्यांनी नंतर लिहिलं आहे. तासाभरात पुन्हा लढाई.

चार पलटणी लढल्या, मग नाव फक्त ग्लॉस्टर्सचंच का?

अल्स्टर आणि नॉर्दम्बरलँडकडे हा प्रश्न जपून विचारावा. ब्रिगेडचे एकूण १,०९१ जण कामी आले, जखमी झाले किंवा पकडले गेले. मेलेल्यांचा आकडा १४१. ग्लॉस्टर्सचे मृत ५९, म्हणजे निम्म्याहून जास्त मरण इतरांच्या वाट्याला आलं. पण ग्लॉस्टर्सचे ५२२ जण कैद झाले, पलटण जवळजवळ नाहीशी झाली, आणि वेढलेली टेकडी ही गोष्ट वर्तमानपत्राला लगेच कळते. त्यात त्यांच्या टोपीला पुढे एक आणि मागे एक असे दोन बिल्ले. १८०१ मध्ये अलेक्झांड्रियाला पाठीला पाठ लावून दोन्ही बाजूंनी लढल्याची ती खूण. दीडशे वर्षांनी तीच वेळ पुन्हा आली. गोष्ट अशी जुळून आल्यावर मधल्या पलटणींकडे कोण बघतो?

शेवटी जिंकलं कोण?

जमीन चिन्यांनी घेतली. पण तीन दिवस गेले, तेवढ्यात सोलच्या उत्तरेला नवी फळी उभी राहिली आणि शहर वाचलं. ६३व्या आर्मीचं नुकसान ब्रिटिश अंदाजाने १०,००० पर्यंत. शत्रूच्या नुकसानीचे आकडे जरा हात राखूनच वाचावेत, पण ती फौज त्यानंतर आघाडीवरून मागे घेतली गेली हे खरं.

शौर्यपदकं कुणाला मिळाली?

व्हिक्टोरिया क्रॉस दोन: ग्लॉस्टर्सचे प्रमुख कर्नल जेम्स कार्न आणि मरणोत्तर कर्टिस. कार्न यांना कैदेत दीर्घ काळ एकांतवास भोगावा लागला. तिथे त्यांनी दगडाचा एक छोटा क्रूस कोरला, तो आता ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये आहे.

जॉर्ज क्रॉसही दोन, आणि त्यांची गोष्ट कमी सांगितली जाते. लेफ्टनंट टेरेन्स वॉटर्स जखमी अवस्थेत आपल्या माणसांबरोबर प्याँगयाँगजवळच्या गुहांमध्ये कोंडले होते. ‘शत्रूच्या प्रचारात भाग घ्या, औषधपाणी मिळेल’ असा प्रस्ताव आला. त्यांनी जवानांना होकार द्यायला सांगितलं, स्वतः अधिकारी म्हणून नकार दिला आणि तिथेच वारले. दुसरे फ्युजिलिअर डेरेक किन. थोरला भाऊ कोरियात पडला म्हणून हे भरती झाले. पकडले गेले, पळाले, पुन्हा पकडले गेले, मार खाल्ला, पिंजऱ्यात राहिले, पण वाकले नाहीत.

कोरियात भारताचा काय वाटा होता?

लढाईत नव्हे, दवाखान्यात आणि नंतर कैद्यांच्या छावणीत. भारताने ६०वं पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पाठवलं, ले. कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली. ते मुख्यतः शेजारच्या २७व्या आणि पुढे २८व्या राष्ट्रकुल ब्रिगेडबरोबर होतं.

जुलै १९५३च्या युद्धबंदीनंतर मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांचं काय करायचं हा तिढा होता. तो सोडवणाऱ्या तटस्थ आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, तेव्हा इंचॉनला जहाजातून उतरवून अमेरिकन हेलिकॉप्टरांनी त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात नेलं. तिथे बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी आणि पलीकडच्या बाजूचे ३५९ असे सांभाळायचे होते. त्या ३५९ मध्ये ब्रिटिश एकच होता, आणि तो २९व्या ब्रिगेडचा नव्हता.

इम्जिननंतर ब्रिगेडचं काय झालं?

जुलै १९५१ मध्ये ती नव्या पहिल्या राष्ट्रकुल डिव्हिजनमध्ये गेली. पलटणी बदलत राहिल्या. मे १९५३ मध्ये ‘द हूक’ नावाच्या टेकडीवर ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंटने मोठा हल्ला परतवला. ब्रिगेडियर तेव्हा जो केंड्रू, इंग्लंडच्या रग्बी संघाचे माजी कप्तान. आणि हे वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये आपल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेले आर्थर वेलस्ली. जालना जिल्ह्यातून कोरियापर्यंत धागा असा जातो.

कागदपत्रं कुठे बघायला मिळतील?

लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. ब्रिगेडच्या युद्ध-रोजनिशा पहिल्या महायुद्धासाठी ‘डब्ल्यूओ ९५’, ब्रह्मदेशासाठी ‘डब्ल्यूओ १७२’ आणि कोरियासाठी ‘डब्ल्यूओ २८१’ या मालिकांत आहेत. महायुद्धांत मेलेला माणूस शोधायचा असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव आणि रेजिमेंट टाकून शोधा. ब्रिगेड टाकून काही मिळणार नाही; तशी चौकटच नाही.

आज २९वी ब्रिगेड कुठे दिसते?

शोधावी लागते. तिच्या रेजिमेंटसुद्धा एकेक करून विलीन झाल्या: फ्युजिलिअर्स आणि अल्स्टर १९६८ मध्ये, ग्लॉस्टर्स १९९४ मध्ये आणि २००७ मध्ये त्यांचा वारसा ‘द रायफल्स’कडे गेला. तिथे मागचा छोटा बिल्ला अजून लावतात.

पुण्यात असाल तर खडकीच्या युद्धसमाधीस्थळी एखाद्या सकाळी जाऊन या. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक समाध्या आहेत, हिरवळ नीट कापलेली, दगड एका ओळीत. प्रत्येक दगडावर वर रेजिमेंटचा बिल्ला कोरलेला, खाली क्रमांक, हुद्दा, नाव, तारीख, वय. मी तिथे कितीतरी ओळी वाचत फिरलो आहे. ब्रिगेडचा आकडा एकाही दगडावर दिसला नाही.

कोरियात सोलच्या उत्तरेला, पाजूजवळ सोल्मारी इथे त्या २३५ क्रमांकाच्या टेकडीच्या पायथ्याशी कातळात बसवलेलं स्मारक आहे, १९५७ मध्ये उघडलेलं. त्यावर नावं दोन: ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पहिली पलटण, आणि १७०व्या मॉर्टर बॅटरीचा ‘सी’ ट्रूप.